ऋषीला कुणी काही विचारू नये

आमच्या सोसायटीत कुणी प्राध्यापकबाई राहायला येताहेत, हे मला ट्रक वळायच्या आधीच कळलं होतं. कसं कळलं ते विचारू नका. बोपोडीत राहून इतकंही कळत नसेल तर माणसानं सरळ दुसरीकडे फ्लॅट बघावा.

सामान उतरायला लागलं आणि मी चक्रावले. पुस्तकांची खोकी होती, ती असणारच. पण त्यांच्या मागून रिकाम्या काड्यापेट्यांची दोन पोती आली, बाटल्यांच्या बुचांचा एक पत्र्याचा डबा आला आणि एक मोठी पिशवी भरून मोजे आले. सगळे एकेकटे, जोडी नसलेले. मी खाली जाहीर करून टाकलं, बाई प्राध्यापक वगैरे काही नाहीत, भंगाराचा धंदा दिसतोय.

संध्याकाळी विरजण मागायच्या निमित्तानं गेले. माझ्या घरात विरजण होतं, तो भाग वेगळा.

"कुठला विषय शिकवता?"

"शिशुशिक्षण."

"म्हणजे?"

"तीन ते सहा वर्षांची मुलं कशी शिकतात, ते मोठ्या मुलींना शिकवते."

"हां, म्हणजे बालवाडीच्या बाई!"

"नाही," त्या विरजणाची वाटी माझ्या हातात देत म्हणाल्या. "बालवाडीच्या बाईंच्या बाई."

ही आमची आम्रपाली ओव्हाळ. मुलींच्या कॉलेजात बालविकास विभागाची प्रमुख. पीएच.डी.सुद्धा केलेली, आणि कशावर, तर मुलं मातीत खेळताना स्वतःशी काय बोलतात यावर. मी हे सगळ्या मजल्यांवर सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं मी माझ्या पदरचं घालतेय. एवढ्या एकाच वेळी मी घातलं नव्हतं.

घरात त्या आणि त्यांचे वडील, दशरथकाका. काकांनी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर लेकीच्या बालवाडीसाठी लाकडी ठोकळे करायला लागले. ठोकळा पॉलिशपेपरनं घासायचा, मग स्वतःच्या गालावरून फिरवायचा, कुठं टोचला तर परत घासायचा. "आयुष्यभर फुटणाऱ्या वस्तू केल्या," मला एकदा म्हणाले, "आता न टोचणाऱ्या करतो." लग्नाचं मी आम्रपालीला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाल्या, बस चुकल्यासारख्या सुरात. पुढं विचारायची सोयच ठेवली नाही.

त्यांच्या विद्यार्थिनी रविवारी घरी यायच्या. दार उघडं असायचं आणि माझा जिना झाडायचा वार नेमका रविवार. प्रत्येक मुलीकडे निरीक्षणवही. कॉलेजला जोडून एक प्रयोगाची बालवाडी होती, तिथं बसायचं, एक मूल निवडायचं आणि ते काय करतं ते लिहायचं.

"हट्टी खोडा," आम्रपालीबाईंचा आवाज यायचा. "हट्टी कधी दिसतो का?"

"पण मॅडम, तो होताच हट्टी!"

"तुम्हाला दिसलं काय?"

"जमिनीवर लोळला."

"किती वेळ?"

"चार मिनिटं असेल."

"मग लिहा, चार मिनिटं जमिनीवर लोळला. दिसलं ते लिहायचं. वाटलं ते घरी ठेवून यायचं."

हा नियम मला लावला तर मी कायमची मुकी होईन, असं मी झाडू आपटत म्हणत असे.

पुढं पुढं या रविवारच्या मुली कमी व्हायला लागल्या. पूर्वी जिन्यात पस्तीस जोड चपला असायच्या. मग कॉलेजसमोर कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड लागला, मग दुसरा लागला, हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या, आणि दोन हजार दोन साली चपला उरल्या नऊ जोड. प्राचार्यांनी आम्रपालीबाईंना सुचवलंही होतं, कंपन्यांच्या पोरांना 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवा, त्याला मागणी आहे. त्या म्हणाल्या, "माझं काम व्यक्तिमत्त्व बिघडायच्या आधीचं आहे." हे वाक्य मी महिनाभर माझं म्हणून वापरलं.

त्याच वर्षी पावसाळा संपताना दुसऱ्या मजल्यावर पारखी आले. जयसिंग पारखी माण गावचा. जमीन आयटी पार्कात गेली, त्यावर यानं सहा बस घेतल्या आणि कंपन्यांना लावल्या. बायको तनुजा इंजिनियर. जिथं सासूनं भात लावला तिथं सून एअरकंडिशनमध्ये बसून कीबोर्ड बडवते, असं मी म्हणत असे, आणि ते जवळजवळ खरं होतं. सासू आनंदीबाई मात्र म्हशी सोडून गावाहून हलायला तयार नव्हत्या. साडेतीन वर्षांचा ऋषी तोवर त्यांच्याजवळच वाढला होता. आता इंग्रजी शाळेत घालायचं म्हणून त्याला इथं आणला. शाळा जवळच होती, जानेवारीत तिचा इंटरव्ह्यू. आईबापांचा आणि पोराचाही.

पहिल्याच आठवड्यात मी भाजीची पिशवी घेऊन उतरत होते. पायरीवर बसलेल्या या पोरानं मान वर केली आणि मला म्हणाला, "ए म्हातारे, कुटं निगाली?"

वय माझं शेहेचाळीस. मला इतकं हसू आलं की पिशवी ठेवून बसावं लागलं. आणि मग मी तेच केलं जे मला उत्तम येतं. चारही मजल्यांवर नक्कल करून दाखवली. मग त्यालाच बोलावून म्हणायला लावलं, "ऋषी, म्हण ना, कुटं निगाली?" तो म्हणायचा. सगळे खो खो हसायचे. दिवाळीत तर घरोघरी त्याला चकली दाखवून वदवून घ्यायचे. "म्हण, न्हाय! म्हण, वाईच थांब!"

पाडव्याच्या दिवशी पहिल्या मजल्यावर हा कार्यक्रम ऐन रंगात असताना तनुजा दारात येऊन उभी राहिली. पोराच्या दंडाला धरून घेऊन गेली. त्या दिवसापासून घरात "से येस", "से नो", "से गुड मॉर्निंग टू काकू". आणि डिसेंबर लागेतो ऋषी काहीच म्हणेनासा झाला. मराठी नाही, इंग्रजी नाही, हाक नाही, रडतानासुद्धा आवाज नाही. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. शाळेत फॉर्म आणायला गेले तेव्हा तिथल्या बाई हळूच म्हणाल्या, "याच्यासाठी वेगळ्या शाळा असतात, तुम्ही तिकडे चौकशी केलीय का?" तनुजा त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये चढली नाही, परत घरी आली. हे मला बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

मी माझ्या परीनं मदत करत होतेच. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये त्याला गाठायचं आणि बोलतं करायचं.

आम्रपालीबाई काहीच करत नव्हत्या. तनुजानं त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, आठ दिवस मला नुसतं बसू द्या. आणि खरंच, रोज पाच वाजता पार्किंगच्या कट्ट्यावर मांडीवर वही घेऊन बसायच्या. मी माझ्या मनाशी म्हटलं, नऊ मुली उरल्यात, बाईंना वेळ आहे.

आठव्या दिवशी दशरथकाकांनी वरून हाक मारली म्हणून त्या उठल्या, आणि वही कट्ट्यावर राहिली. आता वही उघडी होती की मी उघडली, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी वाचलं. त्यातली श्यामलाताई म्हणजे मी.

'५.१०. ऋ. खाली येतो. श्यामलाताई: बाळा, नाव काय तुझं? ऋ. चपलेकडे बघतो. श्या.: सांग ना. शाळेत काय सांगणार? हे काय आहे? स्कूटर ना? रंग कुठला? तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? ऋ. शर्टाचं बटण फिरवतो. बटण तुटतं. ऋ. ते खिशात ठेवतो.'

'५.२५. पंधरा मिनिटांत मोठ्या माणसांनी ऋ.ला विचारलेले प्रश्न: ४३. पैकी श्या.: २९. उत्तरासाठी थांबलेला सर्वांत जास्त वेळ: दोन सेकंद.'

आणि त्याखाली:

'५.५०. सगळे गेलेत. ऋ. कोपऱ्यातल्या गळक्या नळाजवळ. नळावर हात फिरवतो. नळाला: आगं बाय, वाईच थांब. पान्हा चोरू नगंस. मी हाय न्हवं हितं.'

मी ती ओळ तीनदा वाचली. तेवढ्यात आम्रपालीबाई मागे येऊन उभ्या.

चोरी पकडली गेली की आधी आपणच ओरडायचं, हा माझा जुना शिरस्ता. "वा मॅडम! शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्या लिहून ठेवता?"

"चहाडी नाही ती. दिसलं ते आहे. वाटलेलं एक अक्षर सापडलं तर दाखवा."

मी पानं उलटली. खरंच शोधलं. 'भोचक' कुठं नव्हतं. 'आगाऊ' नव्हतं. 'हिला दुसरा उद्योग नाही' हेही नव्हतं. भोचक लिहिलं असतं तर मला भांडता आलं असतं हो. एकोणतीस या आकड्याशी कोण भांडणार?

"म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं.

"एकट्या तुमच्यामुळे नाही. पण बघा ना, तो बोलला तेव्हा सगळे हसले. मग आईनं ते शब्द काढून घेतले. आता जो तो म्हणतोय बोल. कशानं बोलणार? नळ हसत नाही, म्हणून त्याच्याशी बोलतो."

"आम्ही काय वाईट बुद्धीनं हसलो का? कौतुकच होतं ते."

त्या माझ्या शेजारी कट्ट्यावर बसल्या. "मी अकरावी होऊन शहरातल्या कॉलेजात गेले," म्हणाल्या. "खडकीच्या आमच्या चाळीतली पहिलीच मी. पहिल्या आठवड्यात बाकावरच्या मुलीला म्हटलं, 'थोडं पानी दे गं.' पोरी म्हणाल्या, 'परत म्हण ना.' मला वाटलं ऐकू आलं नसेल. परत म्हटलं. मग दुसऱ्या बाकावरची आली, 'ए, तिला म्हणायला सांग ना.' वाईट नव्हत्या हो त्या. प्रेमानंच म्हणायच्या. डबासुद्धा द्यायच्या. तुमच्यासारख्याच."

"मग?"

"मग काय. घरी भिंतीकडे तोंड करून ण घोटला. जमला महिन्याभरात. पण दुसरं वर्ष संपेपर्यंत त्या वर्गात मी तो शब्द उच्चारला नाही. तहान लागली की जिना उतरून नळावर जायचे."

मी फक्त म्हटलं, "दोन वर्षं?"

"दोन वर्षं." मग वही मिटून हसल्या. "विचारा की अजून. माझी ना नाही. मी आता सत्तेचाळीसची आहे. तो साडेतीनचा."

त्या रात्रीच्या स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं दही घालून जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीबाईंनी पारखींच्या घरी बैठक घेतली. मला बोलावलं नव्हतं. मी कोथिंबीर द्यायला गेले होते. तनुजाचे डोळे सुजलेले.

"मॅडम, इंटरव्ह्यू सोळा दिवसांवर आलाय, आणि तुम्ही म्हणता त्याला प्रश्नच विचारू नका? ॲक्च्युअली तिथं तेच तर विचारणार आहेत!"

"त्यांना विचारू द्या. आपण नको. आणि शनिवार-रविवार आजीकडे सोडा त्याला."

"म्हणजे परत ते हाय-न्हाय सुरू!"

"होऊ दे. आधी शब्द घरी येऊ देत तनुजा. त्यांचे कपडे मागाहून बदलता येतात."

जयसिंग म्हणाला, "आईला फोन करतो. ती रोज इच्यारती, पोरगं फोनवर का बोलंना." तनुजानं त्याच्याकडे पाहिलं, पण "से विचारते" असं काही म्हणाली नाही.

मी त्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर स्वखुशीनं सूचना लिहिली. 'पारखी यांच्या ऋषीला कुणीही, काहीही विचारू नये. विचारण्याची खाज अनावर झाल्यास तिसऱ्या मजल्यावर मॅडमना विचारावे. त्या उत्तर देतीलच असे नाही.' चेअरमननी 'खाज' हा शब्द पुसला. मी परत लिहिला.

पण लिहिणं सोपं. मला तोवर माहीतच नव्हतं की माझं निम्मं मराठी प्रश्नचिन्हात संपतं. काय, झालं का? कुठं दौरा? आज लवकरशी? माणूस समोर आलं की तोंडातून आधी प्रश्नचिन्हाचा आकडाच बाहेर पडतो, गळासारखा. पहिले तीन दिवस ऋषी दिसला की मी पदर तोंडात धरून बसे. आम्रपालीबाई म्हणाल्या, "गप्प बसू नका. तुमच्याशी तुम्ही बोला. जे करताय ते सांगत राहा. त्यानं ऐकलं तर ऐकलं."

मग मी पार्किंगमधल्या उन्हात पावटे सोलायला बसायला लागले. "ही शेंग भरलेली आहे. ही पोचट. ही आमच्या ह्यांच्यासारखी, वरून टपोरी आणि आत एकच दाणा." ऋषी चार हात लांब, जिन्याच्या कठड्याला टेकून. एक दिवस दोन हात लांब. एक दिवस माझ्या ताटाशी. बघायचा, काही नाही. मीही त्याच्याकडे बघायची नाही, हे सर्वांत अवघड. मला बघितल्याशिवाय बोलता येत नाही, आणि बघितलं की प्रश्न येतो.

दोन शनिवार तो माणला जाऊन आला. दुसऱ्या सोमवारी सकाळी माझ्या हातात एक शेंग आली. "ही किडकी," मी म्हटलं आणि सालात टाकली.

एक छोटा हात आला, शेंग उचलली, उकलली.

"किडकी न्हाय," ऋषी म्हणाला. "आळी हाय. जित्ती हाय."

माझ्या जिभेवर सत्तावीस प्रश्न एका वेळी आले. कोण म्हणालं? परत म्हण? अरे सोन्या, बोललास? मी सगळे गिळले. आयुष्यात इतकं काही गिळलं नव्हतं. "हो," म्हटलं, "आहे खरी जिवंत."

"तिला हितं घर हाय. तू टाकून दिली."

"चुकलं माझं."

त्यानं ती शेंग कुंडीतल्या मातीवर नीट ठेवली आणि परत येऊन म्हणाला, "म्हातारे, वाईच सरक." आणि शेजारी बसला. मी वर पाहिलं. गॅलरीत आम्रपालीबाई वही घेऊन उभ्या होत्या, पण लिहीत नव्हत्या. चष्मा काढून पुसत होत्या. पुसून झाल्यावर पुन्हा पुसत होत्या. दिसलं ते लिहिलंय.

इंटरव्ह्यूच्या दिवशी तिघं नवे कपडे घालून गेले. तिथं काय झालं ते तनुजानं मला सांगितलं, मी न विचारता, हे मुद्दाम नोंदवते.

शाळेच्या बाईंनी चित्राचं कार्ड दाखवलं. व्हॉट इज धिस? ऋषी गप्प. व्हॉट कलर? गप्प. व्हॉट डझ इट गिव्ह अस? गप्प. बाईंनी कार्ड खाली ठेवलं आणि जयसिंगशी फॉर्मबद्दल बोलायला लागल्या. तेव्हा कुणाचंच लक्ष नाही असं बघून ऋषीनं कार्ड स्वतःकडे ओढलं आणि म्हणाला, "ह्या म्हशीफुडं वैरण न्हाय. ती दूद कशी दील?"

बाई थांबल्या. तनुजाकडे वळून हसल्या. "व्हॉट लँग्वेज इज धिस? घरी असंच बोलता का तुम्ही?"

"काकू, माझी जीभ 'सॉरी मॅम' म्हणायला अर्ध्यावर आली होती," तनुजा म्हणाली. "रोज तेच म्हणते ना मी. ऑफिसात, मीटिंगमध्ये. जिथं तिथं. मग म्हटलं, पोरानं दोन महिन्यांनी तोंड उघडलंय आणि मी त्याची माफी मागू? मी म्हटलं, हो, घरी असंच बोलतो. आणि तो बरोबर विचारतोय. वैरण कुठाय?"

चार दिवसांनी शाळेचं पत्र आलं. नाही घेतलं. तनुजा ऋषीला आणि पत्र घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली, मी मागोमाग. यावेळी हातात कोथिंबीरही नव्हती.

आम्रपालीबाईंनी पत्र वाचून तिच्याकडे परत दिलं. "वाईट वाटलं असेल," म्हणाल्या. "वाटणारच. वर्षभर तुम्ही त्याच शाळेच्या आशेवर होतात."

"तुमच्या कॉलेजच्या बालवाडीत…" तनुजा म्हणाली आणि थांबली.

"तिथं टाय नाही. बसही नाही. अकरा मुलं आहेत आणि वह्या घेतलेल्या नऊ मुली. त्या त्याला बोल म्हणणार नाहीत, एवढं मी सांगते. इंग्रजीही येईल त्याला, येतंच सगळ्यांना. जरा उशिरा येईल."

"उशिरा म्हणजे किती उशिरा मॅडम?"

"ते मला माहीत नाही," आम्रपालीबाई म्हणाल्या. "माहीत असतं तर खोटं वाटलं असतं तुम्हाला."

आत दशरथकाकांचा पॉलिशपेपर घसघस चालला होता आणि त्यात ऋषीचा आवाज, "आजा, ह्यो टोचतोय बग. ह्यो बी." मग तनुजा उठून जिन्यात गेली, मोबाईल काढला आणि माणला सासूबाईंना फोन लावला. दार उघडंच होतं.

"आत्या, मी बोलतीया," ती म्हणाली. तीन महिने जिच्या तोंडून ॲक्च्युअलीशिवाय वाक्य सुरू झालं नव्हतं, तीच ही. "न्हाय घेतलं त्यास्नी. न्हाय घेतलं, जाऊ द्या. पर आत्या, लई बोलतंय वो तुमचं पोरगं. थांबंना झालंय." आणि पायरीवर बसून हसतेय की रडतेय ते मला काही नक्की सांगता येईना.

आम्रपालीबाईंनी तिचा फोन संपू दिला. मग दारात जाऊन म्हणाल्या, "सोमवारी नऊ वाजता या. डबा द्या. जुने कपडे घाला, माती आहे भरपूर."